विल्यम हार्ट : मूकपटातला घोडेस्वार



जत्रेतला तंबूतला सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सुगी आटोपली, जत्रा भरली की गावाबाहेरच्या माळावर टुरिंग टॉकीजचा तंबू उभा राहायचा. एका बाजूला बायामाणसे, दुसऱ्या बाजूला बाप्ये, आणि पुढे मातीत फतकल मारून बसलेली पोरे. मशीनचा खडखडाट एवढा, की नायक काय बोलतो ते निम्मे ऐकूच यायचे नाही. पण पडद्यावर घोडा दौडू लागला, की पोरे तंबू डोक्यावर घ्यायची. घोड्याची धाव समजायला भाषा लागत नाही.

आज अशाच एका घोडेस्वाराची गोष्ट सांगतो. त्याचे नाव विल्यम हार्ट. राहणारा अमेरिकेचा. सिनेमा मुका होता त्या काळात त्याने असे नाव कमावले की अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतली पोरे काठीचा घोडा करून ‘मी बिल हार्ट’ म्हणत पळायची.

शेतीच्या मजकुरात हा सिनेमावाला कोठून घुसला, असे कृपा करून म्हणू नका. याच्या गोष्टीत पिठाची गिरणी आहे, जिवाभावाचा घोडा आहे, तण आहे, जमिनीसाठी लाखभर माणसांनी केलेली धावाधाव आहे, आणि शेवटी बापाच्या जमिनीवरून झालेला कोर्टकज्जाही आहे. म्हणजे गोष्ट आपल्याच घरातली म्हणायची.

गिरणीवाल्याचा मुलगा

हार्टचा जन्म ६ डिसेंबर १८६४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्ग गावचा. बाप इंग्लंडमधून आलेला, आई आयर्लंडची. बापाचा धंदा पिठाच्या गिरणीचा. त्या काळी अशा गिरण्या पाण्याच्या जोरावर चालत. जिथे ओढ्या-नदीला चांगली धार, तिथे गिरणी. अशी जागा शोधत बापाने सारा संसार पाठीवर घेतला आणि पश्चिमेकडे निघाला. आज या गावी, उद्या त्या गावी. असे करत हे कुटुंब डाकोटाच्या मोकळ्या गवताळ मुलखात पोचले.

तिथे शेजारीपाजारी कोण, तर सू जमातीचे मूळ रहिवासी. छोटा विल्यम त्यांच्या मुलांबरोबर खेळला, घोड्यावर बसला, त्यांची बोली आणि हातांच्या खुणांची भाषा शिकला. गुरे हाकणारे गुराखी कसे बसतात, कसे बोलतात, त्यांच्या कपड्यांवर किती धूळ असते, हे त्याने पोरवयात डोळ्यांनी पाहिले. लहानपणी पाहिलेले माणूस विसरत नाही. ज्याने बापाबरोबर पाभर धरली, त्याला बियाणे किती खोल पडले ते म्हातारपणीही हाताच्या अंदाजाने कळते. तसेच हे.

गिरणीचा धंदा काही टिकला नाही. आईची तब्येत ढासळली आणि कुटुंब पुन्हा पूर्वेकडे न्यूयॉर्कला आले. पोराने पोटासाठी मिळेल ते काम केले, आणि १८८८ च्या सुमारास तो नाटक कंपनीत शिरला. पुढची पंचवीस वर्षे रंगभूमीवर गेली. १८९९ मध्ये ‘बेन-हर’ नावाचे एक प्रचंड नाटक न्यूयॉर्कला आले. त्यात रंगमंचावर खरे घोडे जुंपून रथांची शर्यत दाखवीत. घोडे जागच्या जागी पळावेत म्हणून त्यांच्या पायांखाली फिरता पट्टा बसवलेला असे. त्यात मेसाला या खलनायकाचे काम हार्टने केले आणि नाव मिळवले. तरी नाटकवाल्याचे जिणे म्हणजे कोरडवाहू शेती. एक वर्ष बरे, तर दोन वर्षे ओढाताणीची.

पन्नाशीला नवी पेरणी

एकदा दौऱ्यावर असताना हार्टने गुराख्यांवरचा एक सिनेमा पाहिला. लोक टाळ्या देत होते, पण हार्टचा जीव कळवळला. कपडे खोटे, चालणे खोटे, घोड्यावरची बैठकही खोटी. ज्या मुलखात आपण वाढलो त्याचे हे असे सोंग केलेले त्याला पाहवेना. खरे कसे होते ते आपण दाखवायचे, असे त्याने मनाशी धरले.

१९१४ साली तो कॅलिफोर्नियात थॉमस इन्स या निर्मात्याकडे गेला. इन्स त्याचा जुना नाटकातला मित्र. समुद्राकाठच्या डोंगरात इन्सने सिनेमाचे गावच वसवले होते. तिथे घोडे होते, गुरे होती, खरे गुराखी होते, आणि कामाला ठेवलेली सू जमातीची माणसेही होती. हार्ट त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलू लागला.

आता वय पाहा. हार्ट तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ नुकताच, म्हणजे १९१३ साली, पडद्यावर आला होता. सिनेमा हा धंदाच जगात नवा. त्यात हा पन्नाशीला टेकलेला माणूस घोड्यावर बसायला निघाला. मित्रानेही त्याला समजावले असावे की गुराख्यांच्या सिनेमांचा बाजार उठला. पण हार्ट हटला नाही. आठवड्याला सव्वाशे डॉलरवर त्याने अभिनय आणि दिग्दर्शन अशी दोन्ही कामे पत्करली. वर्ष-दोन वर्षांत त्याचे सिनेमे तुफान चालू लागले. मोठा नफा मात्र इन्सच्या पदरात पडत होता, हे हार्टला उशिरा कळले. माल एकाचा आणि पट्टी दुसऱ्याच्या नावावर, ही तऱ्हा काही आपल्याच बाजार समितीत जन्मली असे नाही!

मुका सिनेमा म्हणजे काय, ते नव्या पोरांना सांगायला हवे. पडद्यावर चित्र हलायचे, पण आवाज नसायचा. मधूनमधून अक्षरांच्या पाट्या यायच्या आणि ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला वाचून दाखवायचा. म्हणून नटाचा चेहरा आणि त्याची उभे राहण्याची ढब यांवरच सारे काही. हार्टचा चेहरा लांबट आणि राकट, डोळे स्थिर. तो हातवारे फार करीत नसे. नुसता उभा राहिला तरी आता काहीतरी घडणार, असे बघणाऱ्याला वाटे.

त्याची भूमिका बहुधा एकच. आरंभी वाईट वाटेला लागलेला माणूस, पण कोणाच्या तरी चांगुलपणाने सुधारणारा. १९१६ च्या ‘हेल्स हिंजेस’ या सिनेमात गावगुंड त्याला नव्या पाद्र्याला हुसकून लावायला बोलावतात. पाद्र्याच्या बहिणीच्या डोळ्यांतला विश्वास पाहून याचेच मन पालटते. गंमत अशी, की पाद्री कच्चा निघतो आणि दारूच्या नादी लागतो, आणि गुंड मात्र माणूस होतो. हा सिनेमा १९९४ साली अमेरिकेने जतन करण्याच्या राष्ट्रीय ठेव्यात घातला.

एक गोष्ट लपवण्याजोगी नाही. इतर जमातींबद्दलचे त्या काळच्या गोऱ्या लोकांचे गैरसमज आणि आकस हार्टच्याही काही सिनेमांत दिसतात. चांगले घ्यावे आणि वाईट ओळखून बाजूला ठेवावे. धान्य पाखडताना आपण तेच करतो.

फ्रिट्झ

हार्टच्या घोड्याचे नाव फ्रिट्झ. रंगाने तांबडा-पांढरा, ठिपकेदार, अंगाने लहानसाच पण काटक. उंचापुरा हार्ट त्याच्यावर बसला की घोडा आणखीच लहान दिसे. पण पाण्यात उडी घे म्हटले की घेई, आणि गोळीबार चालू असता आडवा पडून राहा म्हटले की पडून राही. लोक फ्रिट्झला ओळखू लागले, त्याच्या नावाने पत्रे पाठवू लागले. सिनेमातला घोडा आपल्या नावाने प्रसिद्ध व्हावा, ही रीत मुख्यतः इथून रुजली.

हा घोडा मुळात निर्मात्याच्या मालकीचा होता. हार्टचा जीव त्याच्यात अडकला आणि खटपट करून त्याने तो आपल्याकडे घेतला. मध्यंतरी दोन-तीन वर्षे फ्रिट्झ पडद्यावर नव्हता. १९२० साली ‘सँड’ या सिनेमात तो परत आला तेव्हा लोकांना कोण आनंद झाला.

१९२४ च्या ‘सिंगर जिम मकी’ सिनेमात नायक घोड्यासकट कड्यावरून कोसळतो असा प्रसंग होता. हार्टने फ्रिट्झला धोक्यात घातले नाही. त्याच्यासारखा हुबेहूब खोटा घोडा बनवून घेतला आणि तो कड्यावरून लोटला. चित्र इतके खरे उतरले, की मुक्या जनावराला छळले म्हणून हार्टकडेच जाब मागण्यात आला! पोळ्याला आपण बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतो. ज्याला ते कळते त्याला हार्ट कळेल.

फ्रिट्झ एकतीस वर्षे जगला. निम्मे आयुष्य काम आणि निम्मे आयुष्य मालकाच्या रानात चरणे. १९३८ साली तो गेला. हार्टने त्याला आपल्याच जमिनीत पुरले आणि वर दगड बसवला. ‘एकनिष्ठ सोबती’ अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरले आहेत.

जमिनीची शर्यत

काळ बदलला. प्रेक्षकांना आता झगमगीत कपड्यांचा, कसरती करणारा टॉम मिक्स आवडू लागला. कंपनीने हार्टला सांगितले, तूही तसे कर. हार्ट म्हणाला, जे मी पाहिले नाही ते दाखवणार नाही. कंपनीशी बिनसले. मग साठीच्या उंबरठ्यावर त्याने स्वतःचा पैसा घालून शेवटचा सिनेमा काढला. त्याचे नाव ‘टंबलवीड्स’, साल १९२५.

हा सिनेमा जमिनीचा आहे. त्यामागचा खरा इतिहास असा. ओक्लाहोमा भागात ‘चेरोकी पट्टा’ म्हणून साठ लाख एकरांच्या आसपासचा गवताळ मुलूख होता. जमीन चेरोकी जमातीच्या नावावर होती. गुरांचे मोठे मालक ती खंडाने घेऊन गुरे चारीत. सरकारने आधी गुरेवाल्यांना बाहेर काढले, त्यामुळे चेरोकींचा खंड बुडाला. मग सुमारे पंचाऐंशी लाख डॉलर देऊन ती जमीनच त्यांच्याकडून घेतली. ज्यांची जमीन त्यांना ‘नाही’ म्हणायची फारशी सोय उरली नव्हती. धरणात किंवा रस्त्यात ज्यांची जमीन गेली आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग ठरले की ही जमीन शर्यत लावून वाटायची. १६ सप्टेंबर १८९३, भर दुपारी बारा वाजता बंदुकीचा बार निघाला आणि हद्दीवर उभी असलेली लाखावर माणसे एकदम सुटली. घोड्यावर, गाडीतून, आगगाडीतून, सायकलवरून आणि पायीसुद्धा. जो आधी पोचेल आणि खुंटी ठोकेल, त्याची एकशे साठ एकर जमीन. माणसे लाखावर आणि तुकडे चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक हात हलवत परत जाणार, हे आधीच ठरलेले. ऊन कडक, पाण्याची टंचाई, घोडे ऊर फुटून पडलेले. त्यातही काही लबाड आदल्या रात्रीच आत शिरून झुडपात लपले होते. ते आधीच खुंटी ठोकून बसलेले सापडले.

सिनेमात हार्ट झाला आहे गुराखी डॉन कार्व्हर. गुरे बाहेर निघतात तेव्हा तो टेकडीवर थांबतो, टोपी काढतो आणि आपले दिवस संपले हे मानतो. मग तोही जमिनीसाठी शर्यतीत उतरायचे ठरवतो. पण चोरून आत शिरल्याचा आळ त्याच्यावर घालून त्याला कोंडून ठेवतात. तो सुटतो आणि सर्वांच्या मागून घोडा फेकत निघतो. शेकडो गाड्या, उधळलेले घोडे, मोडलेली चाके आणि धुळीचे लोट. शंभर वर्षांपूर्वीची ही शर्यत मी अलीकडेच मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पाहिली. आवाज नसूनही टाचांखालची जमीन हादरल्यासारखे वाटले.

योगायोग पाहा. त्याच १९२५ साली आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. तोही मूकपटच. त्यात तरुण शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो गाव सोडून शहरात गिरणी कामगार होतो. ते काम व्ही. शांताराम यांनी केले. तिकडे जमीन मिळण्याची गोष्ट, इकडे जमीन जाण्याची. दोन्हीकडे प्रेक्षकांचे डोळे भरले ते त्या एकाच गोष्टीसाठी.

‘टंबलवीड्स’ चांगला असूनही वाटप करणाऱ्या कंपनीने तो नीट लावला नाही, असे म्हणून हार्ट कोर्टात गेला. वर्षे गेली, पण शेवटी निकाल त्याच्या बाजूने लागला. सिनेमातून मात्र तो कायमचा बाहेर पडला.

ते तण कोणते?

आता माझ्या खात्यातला थोडा मजकूर. टंबलवीड हे एक काटेरी तण आहे. वाळले की बुडाशी मोडते आणि चेंडूसारखे वाऱ्याबरोबर गडगडत जाते. जाता जाता बी सांडत जाते. एका मोठ्या झाडाला अडीच लाखांपर्यंत बिया. ठावठिकाणा नसलेल्या भटक्या गुराख्यांना सिनेमात हेच नाव दिले आहे.

पण हे तण अमेरिकेचे नव्हेच! १८७० च्या दशकात रशियाकडून आलेल्या जवसाच्या बियाण्यात मिसळून ते डाकोटात उतरले आणि वीसेक वर्षांत अनेक राज्यांत पसरले. आपल्याकडे गाजरगवताचे तेच झाले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आले, आणि आज ते नाही असा बांध दाखवा. म्हणून सांगतो, बियाणे घेताना मूठभर पसरून निवडून पाहा. तण फुलावर येण्याआधी उपटा.

आणि शर्यतीत जिंकलेल्या जमिनीचे पुढे काय झाले? त्या मुलखात आणि विशेषतः त्याच्या पश्चिमेला लोकांनी हजारो वर्षांचे गवत नांगरून गहू पेरला. चार वर्षे भरभराट झाली. मग १९३० च्या दशकात पाऊस रुसला. उघडी पडलेली माती वाऱ्याने उचलली आणि दिवसा अंधार झाला. चारा नाही म्हणून लोकांनी तेच काटेरी तण कोवळे असताना कापून गुरांना घातले. तेव्हा, १९३५ साली, सरकारने मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते काढले. जमीन मिळवायला एक दुपार पुरली, पण ती राखायची कशी हे शिकायला चाळीस वर्षे लागली. आपल्या माळावरच्या बांधबंदिस्तीला जे हसतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बापाची जमीन

लॉस एंजलिसच्या उत्तरेस न्यूहॉल येथे हार्टने १९२१ साली रान घेतले. टेकडीवर मोठे घर बांधले आणि बहीण मेरी एलन हिच्यासह तिथे राहू लागला. १९२१ मध्येच त्याने लग्न केले होते, पण ते फार टिकले नाही. १९२२ साली मुलगा झाला, १९२७ साली काडीमोड. मुलगा आईपाशी वाढला. पडद्यावर घरे जोडणाऱ्या या माणसाला स्वतःचे घर जोडता आले नाही.

१९३९ साली ‘टंबलवीड्स’ पुन्हा लावला, तेव्हा सुरुवातीला हार्टचे आठेक मिनिटांचे बोलणे जोडले. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा आपल्याच रानात उभा राहून लोकांचा निरोप घेतो. जुन्या दिवसांबद्दल आणि घोड्याबद्दल बोलताना त्याचा गळा दाटून येतो. ज्याला लोकांनी इतकी वर्षे मुका पाहिला, त्याचा आवाज हा असा निरोपातच ऐकू आला.

२३ जून १९४६ रोजी हार्ट वारला. मृत्युपत्रात त्याने रान आणि घर लॉस एंजलिस परगण्याला, म्हणजे सर्व लोकांना, देऊन टाकले होते. त्याचे म्हणणे असे, की लोकांनी आपापली चिल्लर देऊन माझे सिनेमे पाहिले, त्यातून हे उभे राहिले, तर माझ्यामागे ते लोकांचेच व्हावे. मुलाची सोय आपण हयातीतच केली आहे, असेही त्याने लिहिले होते.

मुलगा कोर्टात गेला. वडिलांचे मन ताळ्यावर नव्हते, त्यांच्यावर दुसऱ्यांचा दाब होता, असे त्याचे म्हणणे. कज्जा १९५० च्या दशकापर्यंत चालला आणि मृत्युपत्र टिकले. १९५८ साली ते रान लोकांना खुले झाले. १९६२ मध्ये वॉल्ट डिस्नी यांनी तिथे बायसनचा छोटा कळप दिला. तिथेच फ्रिट्झची समाधी आहे.

कोण बरोबर? मला विचाराल तर बापाचे मन मोठे होते, आणि मुलाच्या मनातला सलही खोटा नव्हता. मुलाला पैसा मिळाला असेल, पण बापाचा सहवास मिळाला नव्हता. पुष्कळदा भांडण जमिनीचे दिसते आणि दुखणे वेगळेच असते. माझ्या नोकरीत बांधावरची भांडणे मी खूप पाहिली. हातभर बांधासाठी दोन पिढ्या कोर्टात खपल्या आणि तो बांध मात्र तणाने माजला.

म्हणून चार गोष्टी सांगतो. स्वकष्टाने घेतलेली जमीन आपल्या इच्छेप्रमाणे मृत्युपत्राने देता येते. वडिलोपार्जित जमिनीत मात्र मुलाइतकाच मुलीचाही जन्मतः हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने ते पक्के झाले आहे. तिथे फक्त आपल्या वाट्यापुरते लिहिता येते. मृत्युपत्र करायचे तर हातपाय आणि डोके धड असताना करा. दोन साक्षीदार हवेतच. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. सोबत डॉक्टरचा दाखला घेतला तर ‘बापाचे डोके ठिकाणावर नव्हते’ म्हणायला कोणाला जागा राहत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, काय लिहिले आहे आणि का लिहिले आहे, ते मुलाबाळांना समोर बसवून सांगा. एखाद्या अमावस्येला काम बंद असते. त्या दिवशी अंगणात चटई टाका, चहा ठेवा आणि बोला.

हार्ट पडद्यावर मुका होता आणि तरी जग त्याला समजले. घरात मात्र मुके राहून चालत नाही. तिथे बोलावेच लागते.